सगळं ऐकणारा माईक

"भाऊजी, वरण शिजतंय माझं! आता ते काय तुमच्या माईकला विचारून शिजवू?"

समोरच्या दारातून वहिनी ओरडत होत्या. त्या ओरडल्या की आमच्या इमारतीच्या टाकीतलं पाणी दोन बोटं खाली जातं, हे मी शपथेवर सांगू शकतो. मी जिन्यात उभा, हातात घड्याळ. सकाळी अकरा ते सव्वाअकरा मजल्यावर संपूर्ण शांतता पाळावी, असा कागद मी आदल्या दिवशीच चारही दारांवर चिकटवला होता. कुकर, मिक्सर, फोडणी आणि मोठ्याने दिलेली जांभई, सगळ्याला बंदी.

"वहिनी, पंधरा मिनिटं फक्त. हिचं रेकॉर्डिंग आहे हो."

"मग त्या विमानांना पण चिकटवा ना एक कागद!"

आम्ही मरोळला राहतो, विमानतळाला अगदी खेटून. आमच्या गच्चीवरून विमानं इतकी खालून जातात, की वाळत घातलेले पापड मोजून ठेवावे लागतात. पण वहिनींनी गॅस बंद केला. दार लावताना म्हणाल्या, "तिच्यासाठी करते हां, तुमच्यासाठी नाही."

ती म्हणजे माझी बायको. एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं तिने. ती वर्गात गोष्ट वाचायला लागली की शेजारच्या वर्गातले मास्तर खडू खाली ठेवायचे आणि शिपाई घंटा द्यायचा विसरायचा. त्यामुळे त्या शाळेतली मुलं रोज वीस मिनिटं उशिरा घरी जायची, असं मी सांगतो. ती म्हणते, एकदाच असं झालं होतं आणि तेव्हा शिपाई रजेवर होता. ते असो. निवृत्त झाल्यावर तिच्या गोष्टी ऐकायला उरलो मी एकटा. रोज सकाळी मी दाढी करायचो आणि ती मोठ्याने पेपर वाचायची. ती वाचायची तेव्हा भाजीचे भावसुद्धा ऐकत राहावेसे वाटायचे.

तर तिची एक जुनी विद्यार्थिनी पुस्तकं मोबाईलवर ऐकवणाऱ्या एका कंपनीत कामाला लागली होती. लहान मुलांसाठी एक जाडजूड पुस्तक करायचं होतं, आजीच्या वयाचा आवाज हवा होता. तिने बाईंचं नाव सुचवलं. घरच्या कॉम्प्युटरवर दहा मिनिटांचा नमुना रेकॉर्ड करून पाठवा, एवढंच. बायको त्या दिवशी पोहे करताना त्यात दोनदा मीठ घालून बसली. मी ओळखलं, बाईसाहेबांना हे काम मनापासून हवंय.

आणि माईक कोण निवडणार? अर्थात मी! गल्लीतल्या गणपती मंडळाचा माईक तीस वर्षं माझ्या हातात आहे. हरवलेली मुलं, गेटसमोर लावलेल्या गाड्या, आरतीची वेळ, सगळं माझ्याच तोंडून. माझ्या आवाजाने विसर्जनाच्या दिवशी समुद्र दोन पावलं मागे सरकतो.

आम्ही दोघं अंधेरी स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक हुशार पोरगी होती. तिने सगळं नीट विचारलं. घर कुठे, खिडक्या किती, रस्ता किती लांब. मग एक छोटा, साधा माईक पुढे ठेवला.

"काकू, हा घ्या. तोंडाजवळ धरून बोलायचं. लांबचं काही घेत नाही हा."

"आणि तो?" मी कपाटातल्या दुसऱ्याकडे बोट दाखवलं. चांगला दुधी भोपळ्याएवढा, चकचकीत, जाळीदार.

"तो खूप सेन्सिटिव्ह आहे काका. स्टुडिओत बरा. घरात ठेवला तर सगळंच ऐकतो."

"सगळंच ऐकतो?" मी म्हटलं. "मग हाच द्या!"

बायको हळूच म्हणाली, "अहो, मला तो छोटा बरा वाटतोय."

"अगं, तो काय माईक आहे? लग्नात सनईवाल्यालासुद्धा याहून मोठा देतात."

दुकानात माणसं असली की ती माझ्याशी वाद घालत नाही. हा तिचा मोठेपणा मी आयुष्यभर वापरून घेतलाय.

तर त्या शांततेच्या पंधरा मिनिटांत, वहिनींचं वरण अर्धकच्चं ठेवून, मी भोपळा मांडला. मंडळाच्या माईकसारखाच. मान वाकवून आडवा केला आणि शेंडा बरोबर हिच्या तोंडासमोर आणला. माईकवर छापलेलं कंपनीचं नाव खिडकीकडे गेलं. शेंड्यावर टिचक्या मारल्या, फुंकर मारली, "हॅलो, हॅलो" केलं. पडद्यावर हिरवी रेघ नाचली. पास!

तिने वाचलं. काय वाचलं म्हणून सांगू! खोटं नाही सांगत, मी जिन्यात जाऊन डोळे पुसून आलो. शेवटचं वाक्य संपल्यावर तिने चष्मा काढला आणि विचारलं, "पाठवायच्या आधी एकदा ऐकून बघू या का?"

आता आमच्या मंडळात माईकवरचा माणूस स्वतःचा आवाज कधीच ऐकत नाही. कर्णा असतो गल्लीच्या टोकाला, खांबावर. तिकडून कोणीतरी हात वर करतो, म्हणजे आवाज पोचला. मागे वळून ऐकायची पद्धतच नाही. शिवाय मला माहीत होतं, ही ऐकेल, नाक मुरडेल आणि पुन्हा करू म्हणेल. वहिनींचा कुकर तोवर थांबणार नव्हता.

"अगं, माईक धरून केस पिकले माझे," म्हटलं आणि बटण दाबलं. गेलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. आवाज फार लांबून येतोय, आजूबाजूचा गोंगाट जास्त आहे, या पुस्तकासाठी योग्य वाटत नाही. भाषा सभ्य होती. तिने त्यातलं शेवटचंच तेवढं घेतलं. "वय झालं हो आवाजाचं," म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी गालाला साबण लावून आरशासमोर उभा राहिलो. ती समोर पेपर घेऊन बसली होती. मनातल्या मनात वाचत होती. साबण वाळून गालाला ओढ बसली, तरी मी तसाच उभा.

माझं टाळकं सरकलं. तिला न सांगता मी तो माईक पिशवीत घालून दुकानात भांडायला गेलो. असा गरजलो की शेजारच्या फळवाल्याची सीताफळं उमलली. पोरीने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, तुम्ही ठेवला कसा होता?"

मी आडवा धरून दाखवला.

तिने तो माझ्या हातातून घेऊन उभा केला. "हा असा उभाच ठेवायचा असतो. बोलायचं शेंड्यात नाही, ही नावाची बाजू आहे ना, तिथे. हा शेंड्याने ऐकत नाही."

म्हणजे त्या दहा मिनिटांत त्याने माझ्या बायकोकडे पाठ फिरवली होती आणि खिडकीबाहेरचं सगळं मन लावून ऐकलं होतं. मीच तसा बसवला होता.

रिक्षात ठरवलं, गेल्या गेल्या सांगायचं. दार उघडलं तर ती फोनवर होती, त्याच विद्यार्थिनीशी. "नाही गं बाळा, तुझी काय चूक. माझाच आवाज आता पूर्वीचा राहिला नाही." मी पिशवी धरून उंबऱ्यात उभा. चार पावलांवर फोन होता. नुसतं "थांब, चूक माझी आहे" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. विसर्जनाला समुद्र हटवणारा मी, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. माईक माळ्यावर टाकला, हातपाय धुतले आणि जेवलो.

पुढे मात्र मी भरपूर बोललो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सकाळच्या फिरण्यात, सगळीकडे हा किस्सा सांगितला. पायलटने मुद्दाम विमान कसं खाली घेतलं, वहिनींच्या कुकरने नेमक्या रडायच्या जागी शिट्टी कशी मारली. लोक पोट धरून हसायचे. कुकर तर तेव्हा बंद होता. पण किश्श्यात शिट्टी हवी होती.

सात-आठ महिने गेले. एका रविवारी वहिनी वाटीत खीर घेऊन आल्या. बायको मेथी निवडत होती. वहिनी तिच्याजवळ खाली बसल्या आणि त्यांचे डोळेच भरून आले. "मी गॅस बंद केला होता गं, नक्की केला होता. पण सगळे म्हणतात शिट्टी झाली. माझ्या कुकरपायी तुझं काम गेलं."

"छे हो," बायको म्हणाली, "कुकर कसला? आवाजच नाही राहिला माझा."

दोघी माझ्याच समोर बसून माझी चूक आपापसात वाटून घेत होत्या. मी स्टूल लावलं आणि माळ्यावरून माईक काढला. मग सांगितलं सगळं. आडवा ठेवलेला माईक, दुकानातली पोरगी, उंबरा, फोन. मीठमसाला न लावता मी काही सांगितल्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे दोन मिनिटांत संपलं. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि दार ओढून गेल्या.

मी माईक टेबलावर उभा केला, नाव तिच्याकडे करून. "तुझा आवाज अजून तस्साच आहे," म्हटलं. "चल, पुन्हा करू. या वेळी आधी ऐकू, मग पाठवू. आजच पाठवतो."

तिने मेथीची एक जुडी संपवली आणि दुसरी सोडली.

"ते पुस्तक एव्हाना दुसऱ्या कुणीतरी वाचलं असेल," ती म्हणाली.