इनुईचं नाक आणि मुकाईची कॅसेट

आमच्या बाजारात माणसाला नावाने नाही, दुकानावरून हाक मारतात. मी चष्मेवाला. चष्म्यांबरोबर घड्याळंही दुरुस्त करतो, पण तेवढं सगळं उच्चारेपर्यंत माणूस पुढच्या गल्लीत पोचतो, म्हणून नुसता चष्मेवाला. समोरचा इनुई लोणचेवाला. ओसाकाच्या दक्षिणेकडच्या या छपराखालच्या बाजारात त्याच्या आजोबांपासून सगळ्यांनी मुळे, काकड्या आणि वांगी तांदळाच्या कोंड्यात पुरण्यात जन्म घालवला. इनुईही पुरतो. पण त्याचा जीव कोंड्यात नाही, कॅसेटींत आहे.

कॅसेटी म्हणजे गाण्यांच्या नव्हेत. आम्ही शाळेत होतो तेव्हा हातात मावणारं एक राखाडी खेळयंत्र निघालं होतं. त्याच्या पाठीत खुपसायच्या त्या चपट्या, बिस्किटाएवढ्या कॅसेटी. आम्ही सगळे मोठे झालो, यंत्रं हरवली, डोळे गेले (त्यावर माझं घर चालतं), इनुई मात्र तिथेच थांबला. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस दर रविवारी देवळाच्या अंगणात जुना बाजार भरतो तिथे पहाटेच हजर होतो. विक्रेते त्याला लांबून ओळखतात. काही जण त्याला पाहून चहा पुढे करतात, काही जण मालावर चादर ओढतात.

कारण हल्ली या जुन्या कॅसेटींना भाव आला आणि भाव आला तशा खोट्या कॅसेटी आल्या. त्या इतक्या हुबेहूब असतात की आई आपलं पोर ओळखणार नाही. इनुई ओळखतो. आधी तो कॅसेट उन्हात धरून लेबलवरच्या चित्राचा रंग बघतो. मग नखाने चाचपून कारखान्याने दाबलेला आकडा शोधतो. मग पाठीचा स्क्रू. खऱ्या कॅसेटीचा स्क्रू वेगळ्याच घडणीचा, बाजारात न मिळणारा. खोटीला कुठलाही साधा, अधिकाच्या चिन्हासारख्या खाचेचा. आणि शेवटी तो कॅसेट नाकाला लावतो. त्याचं म्हणणं, खऱ्या कॅसेटीला टेबलाच्या खणाचा, पोराच्या घामाचा आणि किंचित सोया सॉसचा वास येतो. खोटीला नव्या चपलेचा.

"भात करपला तरी कळत नाही," त्याची बायको तोमिए आमच्या देखत म्हणते, "आणि प्लास्टिकचं वय मात्र कळतं."

ही विद्या तो स्वतःपुरती ठेवता तर सुखी झाला असता. पण निप्पोनबाशीला, जिथे असले जुने खेळ विकतात, तिथल्या दुकानांत अनोळखी गिऱ्हाइकांच्या मागे उभा राहून तो हळूच सांगतो, "घेऊ नका." एका दुकानदाराने त्याला हाकलून दिलं, ते इतक्या अदबीने आणि इतक्या वेळा कमरेत वाकून, की आपल्याला हाकललंय हे इनुईला स्टेशनवर आल्यावर समजलं.

त्याचा एक नियम होता. कॅसेट कधी उघडायची नाही. उघडली की ती कॅसेट राहत नाही, तिचं शवविच्छेदन होतं, असं तो म्हणे. बाहेरून जे कळत नाही ते कळण्याच्या लायकीचंच नसतं. यावर आम्ही कुणी वाद घालत नसू, कारण वाद घातला की तो पुरावा म्हणून कॅसेटी आणायला घरी जायचा, आणि परतायचा.

आता मुकाई. मुकाई आमच्या बाजारातला न्हावी आणि बाजारातला सर्वांत मोठा थापाड्या. गेल्या वर्षी तो गेला. हजामत करताना माणूस हलू शकत नाही, याचा त्याने आयुष्यभर फायदा घेतला. तरुणपणी त्याने म्हणे भर वादळात नदी पोहून पार केली होती. एका नामांकित सुमो पैलवानाने त्याच्याकडून केस कापताना रडून सगळं दुःख सांगितलं होतं. आपण गालावर वस्तरा आहे म्हणून 'हो हो' करायचं. मुकाईवहिनी शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्याचे केस कापत असत आणि आरशातून आपल्याकडे असं बघत की त्यातच सगळी माफी यायची.

पण एक गोष्ट तो शपथेवर सांगायचा. शिकाऊ न्हावी असताना 'कोल्ह्याचा दिवा' हा खेळ निघाला त्या दिवशी काम बुडवून, थंडीत रांग लावून त्याने पहिल्या सकाळीच कॅसेट घेतली होती. पहिली खेप दुकानं उघडल्या उघडल्या संपली. त्यानंतर महिनोन्‌महिने कुणाला मिळाली नाही. या गोष्टीवर त्याच्या थोरल्या दोघा भावांनी त्याला जन्मभर चिडवलं. तू आणि रांगेत, असं म्हणून ते हसायचे.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा वहिनींना ती कॅसेट मोज्यात गुंडाळलेली सापडली. ती देव्हाऱ्यात त्याच्या फोटोशेजारी ठेवावी, असं त्यांच्या मनात आलं. पण ठेवण्याआधी त्या ती घेऊन कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात आल्या. सकाळची वेळ, आम्ही सगळे जाड टोस्ट आणि उकडलेलं अंडं खात बसलो होतो.

"लोणचेवाले, एवढं बघून सांगा," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं खोटं होतं ते मला माहितेय. लग्नाआधीपासून माहितेय. पण हे एक खरं असेल तर मला ते त्याच्याजवळ ठेवायचंय. खोटं असेल तर नाही. रविवारी श्राद्धाला त्याचे भाऊ येणार आहेत."

इनुईने हात पुसले. चित्राचा रंग बघितला, मान हलवली. नाकाला लावली, हेअर टॉनिकच्या वासाने नाकाचा कौल निघेना. मग त्याने कॅसेट उलटी केली. पाठीवर साधा, पिवळा, अधिकाच्या खाचेचा स्क्रू होता.

त्यापुढे त्याने काही बघितलंच नाही. त्याने कॅसेट रुमालावर ठेवली, चेहरा डॉक्टरासारखा केला आणि म्हणाला, "वहिनी, ही अलीकडची आहे. बनावट."

वहिनी "बरं" म्हणाल्या. एवढंच. कॅसेट पिशवीत टाकली, कॉफी संपवली आणि दुकान उघडायला गेल्या. टोस्ट कुणालाच गोड लागला नाही. इनुईला मात्र आपण खरं तेच सांगितलं याचं समाधान होतं, आणि समाधानी इनुईइतका असह्य माणूस बाजारात दुसरा नाही.

दोन दिवसांनी वहिनी चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला माझ्याकडे आल्या. पिशवीतून चष्मा काढताना कॅसेट बाहेर आली. "ही तुमच्याकडच्या कचऱ्यात टाका," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून टाकवत नाही." मी ती घेतली आणि सवयीने आधी स्क्रूकडे बघितलं. आमच्या धंद्यात माणसाचा चेहरा विसरतो, स्क्रू विसरत नाही. तो माझा स्क्रू होता. भिंतीवरच्या जुन्या घड्याळांच्या पाठीला लावायचा पितळी स्क्रू. तसले मी वडिलांच्या वेळच्या डबीतून काढून देतो.

आणि मग मला मुकाई आठवला. मध्ये एकदा तो तसला स्क्रू मागायला आला होता. कशाला, विचारलं तर म्हणाला, एका जहाजाच्या कप्तानाने आजोबांना भेट दिलेलं घड्याळ दुरुस्त करतोय. त्याच्या घरात घड्याळ नव्हतं, तो माझ्याच खिडकीतलं बघायचा. पण कप्तानाचं वर्णन इतकं सुरेख होतं की मी स्क्रू देऊन टाकला.

वहिनींना मी काहीच बोललो नाही. खोटी आशा दाखवणं वाईट. कॅसेट घेऊन तडक रस्ता ओलांडला. इनुई कोंड्यात कोपरापर्यंत हात घालून उभा होता. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे त्याने उघडली होती?" इनुई म्हणाला. हा त्याला मोठा धक्का. खोटेपणा त्याने माफ केला असता.

मी म्हटलं, आता तूही उघड. तो नियमाबद्दल बोलायला लागला. मी त्याला आठवण करून दिली की नियम त्याचा आहे आणि नवरा वहिनींचा. तो बराच वेळ हात धूत राहिला. लोणच्याचे हात इतक्या लवकर धुऊन होत नाहीत हे खरं, पण इतका वेळही लागत नाही.

शेवटी उघडायचं ठरलं तेव्हा निघालं की जगातल्या सगळ्या दुर्मिळ स्क्रूंची हत्यारं बाळगणाऱ्या या माणसाकडे साधा स्क्रू ड्रायव्हर नाही. मी माझा आणला. त्याने डोळे किलकिले करून, दात काढताना जबडा धरावा तशी कॅसेट धरली आणि स्क्रू फिरवला.

आत एक नवी, बटणाएवढी बॅटरी होती, चिकटपट्टीने नेटकी बसवलेली. या कॅसेटींत खेळलेला खेळ त्या बॅटरीवर जपून राहतो. जुनी मेली असणार, मुकाईने बदलली. मूळ स्क्रू उघडायला हत्यार नाही म्हणून त्याने बॉलपेनचं टोक वितळवून स्क्रूवर दाबलं होतं, त्याचं निळं प्लास्टिक अजून भोकाच्या कडेला चिकटलेलं होतं. स्क्रूचं वाटोळं झालं आणि मुकाई माझ्याकडे आला, कप्तानाला घेऊन.

पण इनुई बॅटरीकडे बघतच नव्हता. आतल्या हिरव्या सर्किटपट्टीवर एक बारीक पिवळी तार होती, हाताने जोडलेली.

"पहिली खेप," तो म्हणाला.  पहिल्या खेपेत कारखान्याची काही चूक झाली होती. ती माणसं बसवून हाताने एकेक तार जोडून निस्तरली, आणि दुसऱ्या खेपेपासून तार गेली. हे त्याने वाचलं होतं. उभ्या आयुष्यात कधी बघितलं नव्हतं, कारण बघायला उघडावं लागतं. मग तो वळून माडीच्या जिन्याकडे बघायला लागला. वर त्याच्याकडेही 'कोल्ह्याचा दिवा'ची एक कॅसेट होती. तिच्यात तार असेल की नसेल, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर मी आजही अधूनमधून बघतो.

माफी मागायला जाताना आमच्याकडे योकान नेतात. गोड डाळीची ती चकचकीत वडी. चूक जितकी मोठी तितकी वडी जड. इनुईने आणली ती उचलताना त्याचा एक खांदा खाली गेला होता. सलूनमध्ये वहिनी एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होत्या. इनुई दारातच कमरेत वाकला आणि वाकूनच सगळं बोलला: तो चुकला, त्याने स्क्रूपुढे बघितलं नाही, कॅसेट पहिल्या सकाळचीच आहे, पुढच्या खेपेची असूच शकत नाही. आणि त्याच्या खास साठ्यातला एक खरा, अस्सल स्क्रू तो पितळीच्या जागी बसवून देईल.  असे स्क्रू तो सख्ख्या भावालाही देणार नाही.

वहिनींनी ब्रश फेसाच्या वाटीत ठेवला. कॅसेट ओल्या हाताने घेतली, मग लक्षात येऊन हात एप्रनला पुसला.

"म्हणजे खरंच गेला होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"पण रांगेत उभा राहिला असेल हे मला पटत नाही. मध्ये घुसला असेल."

 कॅसेटवरून रांगेतला नंबर कळत नाही.

"आणि स्क्रू राहू द्या, लोणचेवाले. त्याने लावलाय तोच असू दे."

फेस लावलेल्या गिऱ्हाइकाने डोळे मिटून घेतले होते. वहिनींनी कॅसेट आरशाखाली ठेवली आणि वस्तरा घेतला.

रविवारी भाऊ आले. कॅसेट फोटोशेजारी, उदबत्तीच्या पलीकडे. वहिनींनी इनुईला मुद्दाम बोलावलं होतं, आणि इनुई गेला म्हणजे मीही गेलो. इनुईने भावांना पिवळ्या तारेची हकीकत सांगितली. लेबल, दाबलेला आकडा, कारखान्याची चूक, पहिली खेप. भिक्खू पोथी उघडून बसले होते, तेही थांबले. भावांनी आळीपाळीने कॅसेट हातात घेतली. इतक्या वर्षांची चेष्टा मागे घ्यायची कशी हे माहीत नसलं की माणसं वस्तू उलटीसुलटी करत बसतात, तसे ते बसले होते.

बऱ्याच वेळाने थोरल्याने ती जागेवर ठेवली आणि फोटोकडे बघत हळूच विचारलं, "मग ते अस्वलाचं?"

मुकाईची ही अस्वलाची थाप काय होती, ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दुसरा भाऊ मात्र एकदम गंभीर झाला. वहिनींनी दोघांपुढे चहा ठेवला, योकानची मोठी वडी कापायला घेतली आणि म्हणाल्या, "आता सगळंच पहिल्यापासून तपासावं लागणार."