मागच्या खिडकीची काच

माझ्या वहिनीला आमच्या इमारतीत सगळे 'म्युनिसिपालिटी' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. जिन्यात कुणी कागदाचा कपटा टाकला, की ती तो उचलून त्याच्याच दाराच्या कडीत खोचून यायची. मी तिची नणंद, लग्नाच्या भानगडीत न पडता भावाकडे राहिलेली. आमची आयुष्यभराची भांडणं धुळीवरून. "वन्सं, तुम्ही केर काढता की त्याची जागा बदलता?" हे मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे.

वहिनी इस्पितळात चादरींच्या खोलीत कामाला आहे. धुऊन आलेली चादर उजेडात धरायची, डाग दिसला तर परत पाठवायची, नाहीतर कोपऱ्याला कोपरा लावून घडी घालायची. वरून तपासणी येणार म्हटलं, की तिथे पलंगांचे पायसुद्धा घासून निघतात. जे चकचकीत ते पास. उभी हयात तिने हेच पाहिलं.

दादाला, म्हणजे माझ्या भावाला, अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, "आली." आमच्या मागच्या खिडकीखाली पाणथळ जागा होती. चिखल, डास, कुबट वास आणि माणूस बुडेल एवढी उंच लव्हाळी. संध्याकाळी त्या लव्हाळीतून पाणकोंबडी बाहेर पडायची, शेपटी उडवत, मागे पिल्लांचं लटांबर. ती दिसली की खुर्चीतून दादा म्हणायचा, "आली." दिवसभर भिंतीसारखा बसलेला माणूस तेवढ्यापुरता आमच्यात यायचा. वहिनी हातातलं टाकून धावायची. "कुठंय? मला मेलीला दिसेल तर ना! दाखवा की." तिला चांगली दिसत असायची.

त्या जागेवर एका कंपनीने मोठा मॉल उठवायचा घाट घातला. इमारतीतले लोक खवळले, सभा झाल्या, रस्त्यावर फलक धरून उभे राहिलो. बाकीचे पाणी, हवा, पक्षी असं पुष्कळ बोलायचे. वहिनी एवढंच म्हणायची, "आमच्या ह्यांनी मग बघायचं काय? पार्किंग?" जन्मात कधी सभेला न गेलेली बाई सगळ्यात पुढे. अखेर सरकारी कचेरीने सांगितलं, अधिकारी येऊन जागा पाहतील. ती खरोखरच नैसर्गिक पाणथळ निघाली, तर एक वीटही चढणार नाही.

झालं! वहिनीने पदर खोचला. "पाहणीला माणूस येणार आणि त्याला हा उकिरडा दाखवायचा? लाज आहे का काही?" सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, का पटू नये? ज्या जागेसाठी एवढं भांडतोय ती नीटनेटकी नको? विळे आले, फावडी आली. लव्हाळी मुळापासून छाटली. वास मारणाऱ्या डबक्याला चर खणून पाणी काढून दिलं, चिखलावर माती पसरली, कडेला दगड मांडून चुना फासला. मारामारी करणारे शेजारी त्या दिवशी एका घमेल्याला हात लावत होते. वर खिडकीत दादा डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवत होता. सारखा बडवत होता. वहिनीने खालून हात हलवला. "बघा, ह्यांना किती आनंद झालाय!"

आम्ही साहेबाची वाट बघत होतो, आली एक बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून. बूट कोरडेच राहिले. इकडून तिकडे फिरली आणि म्हणाली, "इथली लव्हाळी कुठे गेली?"

"काढली!" वहिनी म्हणाली. "काडी ठेवली नाही बघा."

त्या बाईने बुटाच्या टोकाने नवी माती उकरून पाहिली. वाईट नव्हती बिचारी. मग हळूच म्हणाली, "कंपनीने कापली असती तर त्यांना धरता आलं असतं. तुम्ही स्वतःच कापलीत. आता मला इथे दिसतंय ते मोकळं मैदान. मी दुसरं काय सांगू?"

वहिनीने तिला चहा घेऊन जाण्याचा आग्रह केला. काय झालंय ते वहिनीला कळलंच नव्हतं. कळलं ते जिन्यात, अर्ध्या वाटेवर. ती कठडा धरून थांबली, मग वर आली आणि दादाला पाणी पाजलं.

रडली नाही. इमारतीतलं कुणी तिला बोललं नाही, कारण विळे सगळ्यांच्याच हातात होते. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, निदान मी त्याच्याशी भांडले असते. मला राग यायला हवा, तोही येत नाही. ती कामावर जाते, चादरी उजेडात धरते, घरी येते. विचारलं तर उत्तर देते. घरात आम्ही तिघं, आणि तिघंही सारखीच गप्प.

यंत्रं आली, खड्डे झाले, खांब उभे राहिले. घरभर सिमेंटची धूळ. वहिनी सगळं पुसते, खुर्चीचे पायसुद्धा. मागच्या खिडकीची काच मात्र तशीच. आता तिच्यातून नुसता पिवळट उजेड येतो. संध्याकाळ झाली की दादा डावा हात उचलतो आणि हवेत पुसल्यासारखा फिरवतो. वहिनी म्हणते, "हो, उद्या पुसते हं." जिने उष्टं भांडं कधी उद्यावर टाकलं नाही, ती रोज हेच म्हणते.

परवा मला राहवलं नाही. ओलं फडकं घेऊन मी काचेकडे गेले, तर वहिनीने माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

"राहू द्या, वन्सं," ती म्हणाली. "त्यांना अजून वाटतंय, काच मळलीय म्हणून दिसत नाही."

मी फडकं पिळून दोरीवर टाकलं.