काकी आणि न मागवलेला पट्टा

काकीच्या घरी गेलेलं भांडं रिकामं परत आलं, असं आमच्या वाडीत कोणाला आठवत नाही. तुम्ही वाटीभर कालवण पाठवा, वाटी परत येताना तिच्यात भाजलेले काजूगर असणार. घावणे पाठवा, फणसाचं वाळवलेलं साठ येणार. बरं, येणारं नेहमी गेलेल्यापेक्षा जास्त असायचं, त्यामुळे आपलं देणं उगाच भिकार दिसायचं. शेवटी शेवटी लोक तिला काही पाठवायलाच कचरू लागले. "रिकामा भांडा परत धाडू नये रे झिला, घराची बरकत जाता," असं तिचं म्हणणं. ती माझी सख्खी काकी नव्हे, शेजारची. पण पार आचऱ्यापर्यंत तिला सगळे काकीच म्हणत.

हा नियम ती माणूस बघून बदलत नसे. एका निवडणुकीत एका उमेदवाराने घरोघर स्टीलचे डबे वाटले. काकीने त्याच डब्यात बेसनाचे लाडू भरून तो प्रचाराच्या मंडपात परत नेऊन दिला आणि मत दुसऱ्यालाच दिलं. मी म्हटलं, "काकी, अगो डबा घेतलंस आणि मत दिलंस नाय?" ती म्हणाली, "डब्याचा फिटला. मताचा मी बगतलंय." मी तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, नुकती वकिली सुरू केली होती. इतका स्वच्छ युक्तिवाद मला अजून जमलेला नाही.

अशा बाईच्या हाती वाडीतल्या बायकांनी आपल्या बचत गटाची पेटी दिली, यात नवल नव्हतं. पेटीची चावी काळ्या दोऱ्यात ओवून ती गळ्यात घाली. कोणाची फी, कोणाचं बाळंतपण, कोणाचं जाळं, सगळं त्या पेटीतून निघे. "चावी काकीच्या गळ्यात म्हणजे पैसे गाभाऱ्यात," असं बायका म्हणत. काकीला या चावीचा अभिमान होता. तो ती लपवत नसे. पदर घेतानासुद्धा चावी दिसेल असा घेई.

कुणकेश्वरच्या जत्रेत एका मंडपात कुणी फुकट गुडघे तपासून देत होतं. काकीने गुडघे दाखवले, नाव-पत्ता सांगितला, प्रसाद घेऊन घरी आली. महिन्याभराने कुरियरने खोकं आलं. आत गुडघ्याला बांधायचा विजेचा पट्टा, तेलाची बाटली आणि एक छापील कागद. कागद इंग्रजीत होता, म्हणून काकीने तो चुलीच्या कामी लावला. "त्या गुडगे बगणाऱ्या झिलान आटवणीन धाडल्यान बग," ती माझ्या आईला म्हणाली. पट्टा तिने एकदा उलटसुलट करून पाहिला, वायर पाहिली, "मी काय मिक्सर आसंय?" असं विचारलं आणि तो कपाटात ठेवून दिला.

पण खोकं रिकामं झालं होतं, आणि तिथेच घात झाला. तिने त्यात कोकमाची सोलं भरली, काजूगर भरले, वर तिरफळांची पुरचुंडी ठेवली, खोक्यावरच्याच पत्त्यावर पोस्टाने पाठवून दिलं. सोबत माझ्या पुतणीकडून चिठ्ठी लिहून घेतली: वस्तू मिळाली, बरं वाटलं, घरच्यांना नमस्कार.

मग फोन सुरू झाले. "मॅडम, वसुली विभागातून बोलतोय. पट्ट्याचं बिल थकलंय." काकीने विचारलं, "सोलां गावली मां?" पलीकडच्याने पुन्हा बिल सांगितलं. काकीने पुन्हा सोलं विचारली. असं पंधरा दिवस चाललं. जळलेल्या कागदावर काय होतं ते आम्हाला नंतर कळलं: सात दिवसांत माल परत न केल्यास आपण तो विकत घेतला असं समजण्यात येईल.

काकी बधत नाही म्हटल्यावर त्या माणसाने आजूबाजूचे नंबर मिळवले. गटाच्या अध्यक्ष सुलभा हिला फोन गेला: तुमच्या शेजारच्या बाई पैसे बुडवतात, त्यांना समजवा. सुलभा वाईट नव्हे, पण घाबरट. पुढच्या बैठकीत ती खाली बघत म्हणाली, "काकी, तसा काय नाय गो. पण जरा दिवस चावी माज्याकडे ऱ्हवांदे." बाकीच्या बायकाही चटईकडे बघू लागल्या. काकीने दोरा मानेवरून काढला, चटईवर ठेवला आणि उठली.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीने ओरोसला माझ्याकडे आली. मी म्हटलं, "काळजी करू नको. न मागवलेल्या मालाचे पैसे द्यायला तू बांधील नाहीस. त्यांनी काहीही छापू दे, माणूस गप्प राहिला म्हणजे त्याने विकत घेतलं, असं होत नाही." मग तिने चिठ्ठीचं सांगितलं. कायदा गप्प राहणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो; आमची काकी गप्प राहिली नव्हती.

जिल्हा ग्राहक आयोगात आम्ही तक्रार लावली. कंपनीच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे चिठ्ठी काढली. वस्तू मिळाल्याची कबुली, वर समाधान, वर भेटवस्तू. मी उठायच्या आत काकी उठली आणि भांड्याचा नियम तिने आयोगाला पहिल्यापासून समजावून सांगितला, कालवणासकट. आयोगाच्या अध्यक्षबाई बांद्याकडच्या, म्हणजे आमच्याच मुलखातल्या. त्यांनी चेहरा जराही न हलवता समोरच्या वकिलांना विचारलं, "ही सोलं तुम्ही मागवली होती?"

"नाही."

"सात दिवसांत परत केलीत?"

"नाही. ऑफिसात... वाटली."

"मग तुमच्याच कागदाप्रमाणे ती तुम्ही विकत घेतलीत. यांना पैसे कधी देताय?"

वकिलांनी पुढची तारीख मागितली आणि बाहेर व्हरांड्यात येऊन तडजोडीचं बोलणं काढलं. बिल रद्द, शिवाय मानसिक त्रासाबद्दल रक्कम. रक्कम बरी होती. काकी म्हणाली, "पैशे नको. ज्येणां सुलभाक फोन केल्यान, तो गावात येवंदे आणि बायकांम्होरं सांगांदे." मी तिला बाजूला घेऊन समजावलं, की कायद्यात असं काही बसत नाही. ती म्हणाली, "मग बसय. वकील कित्याक झालंस?"

बसवलं. फोन करणारा माणूस निघाला तिशीतला, पोटासाठी नोकरी करणारा, घाटावरचा. तो आला तेव्हा काकीने आधी त्याला बांगड्याचं तिखलं-भात वाढला, मग गटाच्या बैठकीत उभा केला. तो म्हणाला, "या काकींनी काही मागवलं नव्हतं. त्या आमचं काही देणं लागत नाहीत. चूक आमची."

"मोठ्यान," काकी म्हणाली. त्याने मोठ्याने सांगितलं.

सुलभा रडत पुढे आली आणि चावी काकीच्या हातात दिली. काकीने दोरा सरळ केला आणि सुलभाच्याच गळ्यात घातला. "आता तूच सांबाळ," ती म्हणाली, "कोणी संशय घेतल्यार कसा वाटता, ता तुकाय कळांदे." घरी परतताना वाटेत ती माझ्या खांद्याला धरून रडली. मी तिला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. केस जिंकल्यावर आपल्याला इतकं वाईट वाटू शकतं, हेही मला तेव्हाच समजलं.

काकी जाऊन आता दोन वर्षं होतील. तिच्याशिवाय वाडीत जायला मला अजून नको वाटतं. मागच्या महिन्यात आईला आणायला गेलो, तेव्हा गटाची बैठक चालू होती. सुलभाने पेटी उघडली, सगळ्या बायकांपुढे फिरवली, आतलं मोठ्याने सांगितलं आणि मग कुलूप लावलं. दर बैठकीला ती असंच करते म्हणे. बायका "कित्याक गो, आमका ठावक आसा" म्हणतात, आणि ती पुढच्या बाईसमोर पेटी धरते.