भरीत ठेचल्याच्या कॅलरी

आबांची उजवी बाजू लकव्यानं गेली, त्याला आता दुसरा हिवाळा. जळगावच्या घरात आम्ही बाप-लेक दोघंच. त्यांना उठवणं, कूस बदलून देणं, आंघोळ घालणं, सगळं माझ्याकडे. धुळ्याला राहणाऱ्या धाकट्या भावाकडे मी धोशा लावला होता, मदतीला माणूस ठेवू या, माझी कंबर आता ऐकत नाही. त्यानं माणसाऐवजी घड्याळ पाठवलं. पावलं, ठोके, कॅलरी, सगळं मोजणारं, आणि त्याच्या मोबाइलला जोडलेलं.

झालं! साहेब धुळ्यात बसून माझा थकवा तपासू लागले.

"ताई, आज तर काहीच कॅलरी जळल्या नाहीत तुझ्या. जरा हालचाल ठेव, कंबर आपोआप मोकळी होईल."

आबांना पलंगावरून खुर्चीत घेताना तोंडाला फेस येतो, हे याला फोनवर काय सांगणार? हळूहळू मलाच वाटायला लागलं, आपणच रडूबाई आहोत की काय. दुपारी जरा टेकले की ते मेलं घड्याळ थरथरायचं, उठा, थोडं चाला. एकदा मी त्याला चांगलं झापलं. आबा अर्ध्या तोंडानं हसले.

"बस आते, थकनी तू," म्हणाले.

मी थकलेय, आता बसावं, हे आबांना दिसलं; भावाच्या मोबाइलवर ते काही दिसलं नाही.

थंडीत भाऊ भरीत खायला आला. भाजलेली वांगी मी लाकडी मुसळीनं ठेचत होते, तर हा मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात हजर. "बघ, किती भराभर जळतायत! उगाच म्हणत होतो का मी?" हात वर-खाली झाला की घड्याळ खूश. मग त्यानंच ते मनगटावर चढवलं, माहिती स्वतःची भरली आणि उरलेलं भरीत ठेचलं.

जेवणानंतर आबांना खुर्चीतून पलंगावर घ्यायचं होतं. माझी कंबर धरलेली. "आज तू घे," मी म्हटलं.

त्यानं काखेत हात घातले. आबांचा सगळा भार अंगावर आला तसा तो मधेच अडकला. मी पाय उचलले, कसंबसं निजवलं. तो कडेला बसून धापा टाकत राहिला. मग सवयीनं मनगटाकडे बघितलं.

"आकडा होता तिथंच आहे. बिघडलं वाटतं."

"नाही. रोज असंच दाखवतं."

 त्यानं आबांच्या पायांवर पांघरूण ओढून दिलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "दिवसातून किती वेळा असं?"

एवढ्या महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सांगायला गेले, तर रडूच आलं.