खंड्यामागचं पागोटं

लग्नानंतर थोड्याच वर्षांनी आमच्या ह्यांना पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड लागलं. हे लोणावळ्याला रेल्वेच्या कचेरीत कारकून. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबानं आपला जुना कॅमेरा ह्यांच्या गळ्यात टाकला. लाकडी पेटी, तिला तीन पायांची घोडी, आणि डोक्यावरून घ्यायचं काळं फडकं. माणसांना ‘हलू नका’ म्हणायचा ह्यांना संकोच वाटे. पक्ष्यांना मात्र ते बिनदिक्कत म्हणत. पक्षी ऐकत नसत, तो भाग वेगळा.

फोटो सुधारायचं काम माझं. फोटो आधी काचेवर उमटतो, आणि काचेवर सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. पक्ष्याचा डोळा मंद आला असेल तर काचेवर बारीक पेन्सिलीनं काळा ठिपका द्यायचा, की कागदावर तो डोळा चमकतो. नको असलेली फांदी असेल तर काचेच्या मागच्या बाजूनं तिच्यावर तांबडा रंग फिरवायचा, म्हणजे तिथं पांढरं आभाळ होतं. सुरुवातीला मी एका बुलबुलाच्या पायाखालचीच फांदी रंगवून टाकली आणि तो बिचारा हवेत बसला. हे त्या दिवशी जेवताना फक्त आमटीबद्दल बोलले.

वळवणच्या धरणापलीकडे एका ओढ्यात जुनी मेढ, म्हणजे लाकडी खांब, रोवलेली होती. तिच्यावर एक खंड्या हटकून येऊन बसतो, असं ह्यांना कळलं. थंडीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही दोघं गेलो. फोटोच्या काचांची पेटी सांभाळायला मी. मेढीवर नजर धरून, कॅमेरा लावून आम्ही करवंदीच्या जाळीआड बसलो. बऱ्याच वेळानं खंड्या आला. ह्यांनी श्वास रोखून कॅमेऱ्याला जोडलेला रबराचा फुगा दाबला, आणि त्याच क्षणी पलीकडच्या काठावरून आवाज आला.

“कोन हाय रं तितं?”

खंड्या उडाला. मेढीच्या बरोबर मागं लाल पागोटं बांधलेले एक म्हातारे शेतकरी उभे होते. त्यांच्या पाठोपाठ गावातले चार-पाच गडी म्हशी हाकत आले आणि म्हशी पलीकडेच सोडून सगळे ओढा ओलांडून आमच्यासमोर उभे राहिले.

“मोजणी कुटवर आली?” म्हाताऱ्यांनी विचारलं.

“मोजणी नाही हो,” हे म्हणाले.

“मागं बी असंच तीन पायाचं घेऊन आलते. न्हाईच म्हनत व्हते. मंग धरनाचं पानी रानात आलं.”

मीच म्हणाले, “आबा, आम्ही खंड्याचा फोटो काढतोय.”

“खंड्याचा? त्याचं काय करनार?”

हा प्रश्न मलाही बरेच दिवस पडला होता, म्हणून मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठले आणि आबांना काळ्या फडक्यात यायला सांगितलं. आबा पागोटं सावरत आत शिरले आणि आतूनच बोलू लागले.

“आरं, समदं उलटं हाय. वढा वर, आभाळ खाली. म्हस टांगल्यावानी दिसतीया.”

मग एकेक गडी आत जाऊन आपली उलटी म्हैस बघून आला. आबा म्हणाले, “आता पटलं. असली उलटी मोजणी कोन करल?”

घरी येऊन काच धुतली, तर खंड्या झकास आला होता. पण त्याच्या शेपटीमागून आबांचं पागोटं उगवलं होतं, खाली धूसर चेहरा आणि एक खांदा. मी तांबडा रंग घेतला आणि आबांना आभाळ करून टाकलं. फोटो इतका छान झाला की हे तो दाखवायला मलाही बरोबर घेऊन गावात गेले.

आबांनी फोटो उजेडात धरला, उलटा करून मागची बाजूही पाहिली.

“मी कुटं हाय?”

“आबा, फोटो खंड्याचा आहे,” हे म्हणाले.

“व्हय, पन मी तितंच हुबा व्हतो. रान माजं, मेढ माजी. आन् ऱ्हायला त्यो येकटाच.”

ते रागावले नव्हते. पंगतीत वाढणारा आपल्याला चुकवून पुढं गेला, तर माणूस जसा बघतो, तसे बघत होते. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

घरी येताच मी ओल्या फडक्यानं काचेमागचा रंग पुसला. आबा परत आले. चेहरा धूसरच होता, म्हणून पेन्सिलीनं त्यांच्या पांढऱ्या मिशा केस न् केस कोरल्या. हे शेजारी बसून म्हणाले, “खंड्याच्या पिसांवर एवढी मेहनत कधी घेतली नाहीस.”

नवा फोटो बघून आबा म्हणाले, “मिशा बराबर आल्यात.” खंड्याबद्दल काही बोलले नाहीत.

पुढच्या थंडीत आबांना आधी निरोप धाडून आम्ही पुन्हा त्या ओढ्यावर गेलो. पलीकडच्या काठावर अर्धं गाव धुतलेले कपडे घालून, मेढीमागं ओळीनं उभं होतं. बायकांनी नथी घातल्या होत्या. कुणी कुजबुजतसुद्धा नव्हतं, पण एवढी गर्दी बघून एकही पक्षी मेढीकडे फिरकला नाही.

उन्हं वर आली. शेवटी ह्यांनी काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढलं, घसा खाकरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माणसांना म्हणाले, “हलू नका.”

कुणीही हललं नाही.