हिमालयाचा आग्रह आणि भीमाशंकरची वाट

हिमालयातलं कुमाऊं की सह्याद्री, असं ट्रेकला निघालेली मुलं मला विचारतात. मला हा प्रश्न पहिल्यांदा पडला तो माझ्या वडिलांमुळे, अप्पांमुळे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. अप्पा इंग्रजी कंपनीत हेडक्लार्क. मला कॉन्व्हेंटात घातलेलं, आणि घरात मोर्चाचं नावही काढायचं नाही. कॉलेजातून यायला जरा उशीर झाला तर ते नाक्यावर येऊन उभे राहत. हाच माणूस एका सकाळी म्हणाला, "कुमाऊंला जाऊन ये. महिना लागला तरी चालेल." वर कॅनव्हासची नवीकोरी पाठपिशवीही आणली. आई मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली.

सोबतीला मैत्रीण नलू. कुमाऊंला जाताना जिथे आगगाडी संपते त्या काठगोदामचं नाव ऐकताच तिच्या घरून नकार आला. "मला माथेरानलासुद्धा दादाशिवाय सोडत नाहीत गं," ती म्हणाली. मग तिच्या वसंतदादाने भीमाशंकर सुचवलं आणि तोही सोबत निघाला. अप्पांचा चेहरा पडला.

"एवढ्या जवळ? मग निदान आठवडाभर तरी राहा."

कर्जतपर्यंत आगगाडी, पुढे खांडसपर्यंत आम्ही पायी गेलो. आता गाड्या जातात. खांडसहून वर दोन वाटा: गणेश घाट लांबचा पण सोपा, शिडी घाट जवळचा पण उभा. नवख्यांनी गणेश घाटच धरावा. वर गावातल्या काशीबाईंच्या घरी उतरलो. नाचणीची भाकरी, लसणाचा ठेचा. जेवणाचं आधी सांगून ठेवावं लागतं. रानात शेकरू दिसलं. अप्पांच्या खोकल्यासाठी मी हिरडे वेचून पिशवीच्या कप्प्यात टाकले.

हौसेने शिडी घाट बघायला गेलो. पहिल्याच शिडीवर नलूचा पाय मुरगळला.

"शिडीवर बूट घालून कोण उतरतं गं बाई?" काशीबाई तिचा पाय चोळत म्हणाल्या.

"मुंबईचे शहाणे," वसंतदादा म्हणाला.

नलूला डोलीत बसवून गणेश घाटाने खाली आणलं. आठवडा अर्ध्यावरच सुटला.

मी चाळीत शिरले तर आमच्या दारात गर्दी. मधोमध अप्पा. कोट नाही, टाय नाही. धोतर, पांढरी टोपी, गळ्यात हार. आई त्यांना ओवाळत होती. मला पाहून ती ओवाळायची थांबली.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"सत्याग्रहाची तुकडी निघतेय आज," शेजारच्या कमलताई म्हणाल्या. "अप्पा पहिल्या रांगेत."

अप्पा चिडले. "इतक्यात कशी आलीस तू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू समोर असलीस तर माझं पाऊल निघायचं नाही गं. म्हणून तर हिमालय."

मी पिशवी तिथेच उलटी केली, त्यात त्यांचे कपडे भरले आणि त्यांच्या खांद्यावर दिली. त्याच दुपारी त्यांना अटक झाली.

सुटून आले तेव्हा बारीक झाले होते. नोकरी गेली होती. पिशवी माझ्याकडे देत म्हणाले, "कप्प्यातले हिरडे पुरवून पुरवून खाल्ले."

कुमाऊंला मी गेले ती अप्पा गेल्यानंतर, तीच पिशवी घेऊन. गाड्या बदलत, बसने, मग पायी. शेवटी बर्फाची रांग समोर आली. सगळे शिखरांची नावं विचारत होते. मी मागे वळून आल्या वाटेकडे बघत राहिले. स्वतःला घराचा उंबरा ओलांडता यावा म्हणून अप्पांना मला इतकं लांब पाठवावंसं वाटलं होतं.