मोटेवरचा अभ्यास आणि पायाचा अंगठा

चहा गाळत होते तेव्हा माझ्या शाळासोबत्याचा, बबनचा, फोन आला. बबन एरवी फोनवर आधी गुडघ्यांचं सांगतो, मग जमिनींचे भाव, आणि कामाचं सगळ्यात शेवटी. त्या दिवशी त्यानं सरळ सांगितलं, "मंजुळा, आपलं गुरुजी गेलं गं." खळदकर गुरुजींनी नव्वदी ओलांडली होती. त्यांचं जाणं कुणी अकाली म्हणणार नाही. पण मी स्वतः ऐंशीच्या घरातली बाई, चहाचं पातेलं तसंच ठेवून खुर्चीवर बसले आणि पोरकं झाल्यासारखं रडले. आपल्याला 'अभ्यास झाला का' असं विचारणारं शेवटचं माणूस गेलं, असं वाटत राहिलं.

त्याच्या दोनेक महिने आधीच त्यांना भेटून आले होते. चऱ्होलीला त्यांच्या मुलाचा फ्लॅट आहे, तिथे. सोबत नात होती, ईशा. तिची बारावी जवळ आलेली आणि झोप उडालेली. गुरुजी पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी पाया पडले, पण त्यांना माझं नाव काही आठवेना. नुसते बघत राहिले... मग चादरीखाली त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा हलायला लागला. पुढे, मागे. पुढे, मागे. ईशाला वाटलं, काही आजार असेल. मला मात्र ते हलणं ओळखीचं होतं. जरा वेळानं ते म्हणाले, "मंजुळा. मधल्या मळ्यातली." तो अंगठा का हलत होता ते ईशाला घरी येताना सांगितलं. तेच इथेही सांगते, कारण गुरुजींची आठवण सांगायची तर दुसरीकडून सुरुवात करताच येत नाही.

पन्नासच्या दशकातली चिखली म्हणजे कांदा, ज्वारी, भाजीपाला आणि विहिरी. आज जिथे वर्कशॉपं आणि सोसायट्या आहेत तिथे आमचा मळा होता. पिंपरीकडे निर्वासितांची वस्ती झाली होती, औषधाचा कारखाना उभा राहिला होता, आणि माझा थोरला भाऊ शेतीला रामराम ठोकून त्या कारखान्यात लागला होता. घरात त्याचं कौतुक फार झालं, पण विहिरीचं पाणी काढायला बैलांची मोट कोण हाकणार हा प्रश्न उरला. वडिलांची, म्हणजे आबांची, पाठ धरलेली. शेवटी सकाळ-संध्याकाळ मोट माझ्याकडे आली. मुलीच्या जातीनं मोट हाकायची म्हणून भावकीत कुजबुज झाली, पण भावकी काही पाणी काढून देणार नव्हती.

त्या सुमाराला सासवडकडून खळदकर गुरुजी आमच्या शाळेत आले. पहिलीच नोकरी, किडकिडीत अंग, आणि वयाला न शोभणारा करडा आवाज. मी सातवीत होते. तेव्हा सातवीची फायनल म्हणजे मोठी परीक्षा होती, केंद्र चिंचवडला असायचं. आबांनी मला बजावलं होतं, पास झालीस तर चिंचवडच्या हायस्कुलात घालतो, नाही तर मोशीचं स्थळ आलेलंच आहे. मोशीच्या त्या मुलाला मी जत्रेत पाहिलं होतं. मुलगा वाईट नव्हता, पण मला भूगोल जास्त आवडायचा.

अभ्यासाला वेळ मिळत नाही अशी मी कुरकुर केली, तेव्हा गुरुजी स्वतः मळ्यात येऊन विहिरीच्या काठावर बसले. बैल उतरत्या धावेवरून खाली गेले की चामड्याची मोट भरून वर यायची, पाणी पाटात पडायचं, मग बैल मागं मागं चालत पुन्हा वर. गुरुजींनी ते बराच वेळ पाहिलं आणि तोडगा काढला. खाली जाताना स्वतःला प्रश्न विचारायचा, मागं येताना उत्तर म्हणायचं. बबनकडेही मोट होती, आणखी दोघा-तिघांकडे होती. आम्ही सगळेच धावेवर अभ्यास करू लागलो. इतिहास, भूगोल, व्याकरण सगळं पाण्याबरोबर वर येऊ लागलं. माझ्या बैलांनासुद्धा कोकणातल्या आणि देशावरच्या पावसातला फरक पाठ झाला असेल. आबा बांधावर बसून ऐकायचे, आणि एकूण स्वारी खूश होती.

मग सराव परीक्षा आली. गुरुजींनी मुद्दाम शेजारच्या गावच्या मास्तरांना पहाऱ्याला बोलावलं होतं. मी बसकरावर मांडी घालून बसले, प्रश्न वाचला, तोच तो पावसाचा प्रश्न... आणि उत्तर येईना. पाय जमिनीला, डोकं रिकामं. बबन तर भर पेपरात उठला आणि वर्गात येरझाऱ्या घालू लागला. मास्तरांनी खांद्याला धरून खाली बसवलं, तर हा म्हणतो, "गुरुजी, उलट्या पावली गेल्याबिगार यायचं न्हाई." सगळी शाळा हसली. मोटेवरची आम्ही सगळी मुलं मात्र सपशेल आपटलो होतो.

आबांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत, हेच वाईट होतं. शांतपणे म्हणाले की मोशीला निरोप धाडतो. मी गोठ्यात जाऊन रडले. संध्याकाळी गुरुजी आले. घोंगडीवर बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "आबा, पोरीचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे. मी तिला चालत शिकवलं आणि परीक्षा बसवून घेतली."

आबांनी थोडा विचार केला. "मंजी बैलाला मोटंची सवय लावली अन् शर्यतीला सोडला, असं झालं म्हना की."

"अगदी तसंच."

"मग लावा आता बसायची सवय. फायनल होईस्तोवर आमी स्थळाचं नाव काढत न्हाई."

मोठं माणूस, तेही मास्तर, दुसऱ्याच्या दारात येऊन आपली चूक सांगतं, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. माझं गुरुजींवर प्रेम बसलं ते त्या संध्याकाळी, शिकवण्यामुळे नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी पाठीला धोतराचा पट्टा आवळून संध्याकाळची मोट स्वतः धरली आणि आम्ही शाळेमागच्या चिंचेखाली बसू लागलो. आधी उभं राहून उत्तर सांगायचं, हललं की पुन्हा पहिल्यापासून. मग बसून. मग तोंड मिटून मनात. मग पाटीवर. बैलाला नवीन जू लावावं तसा प्रकार होता. सगळं जमलं, पण पाय काही केल्या ऐकेनात. बबनचे तर मांडीतून सुटून सुटून बाहेर यायचे. शेवटी गुरुजी हसले. ते हसले की करडेपणा पार जायचा. म्हणाले, "राहू द्या. अंगठा तेवढा हलवा. पुढे प्रश्न, मागे उत्तर. पहाऱ्यावरच्या मास्तरांना काय कळतंय!" मग हळूच सांगितलं की तेही लहानपणी गुरांमागे चालत पाठ करायचे आणि याच पायी एकदा नापास झाले होते. आम्हाला धावेवर शिकवताना ते नेमकं तेच विसरले.

फायनलला पावसाचाच प्रश्न आला असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण तो आला नाही. नद्यांचा आला. मी अंगठा पुढे नेला, मागे आणला... आणि पवना, इंद्रायणी, भीमा एकीमागून एक उतरत आल्या. मी पास झाले. आबांनी शब्द पाळला. चिंचवडच्या हायस्कुलात गेले, पुढे शिक्षिका झाले, आणि माझ्या वर्गात कुणी पाय हलवला तर त्याला कधी रागावले नाही. बबन त्या वर्षी गणितात गेला. गुरुजींनी त्याला वर्षभर पुन्हा चिंचेखाली बसवलं, पुढच्या खेपेला तो पास झाला आणि कारखान्यात चांगला फोरमन होऊन निवृत्त झाला.

गुरुजींची शिकवण विचाराल तर ती फार साधी होती. रात्र जागवणाऱ्याचं ते कौतुक करत नसत. विहीर उपसली की आबा मोट सोडायचे, खालचा गाळ ओढत बसायचे नाहीत. ते पाहून गुरुजी म्हणायचे, डोक्याचंही तसंच आहे, त्याला भरायला झोप लागते. पोटभर जेवा, हुतूतू खेळा, आणि अभ्यासाची एक रीत फसली तर स्वतःला मठ्ठ म्हणू नका, रीत बदला. चऱ्होलीच्या त्या भेटीत ईशानं कबूल केलं की ती कानात गाणी लावून, गॅलरीत फेऱ्या मारत वाचते. गुरुजींनी एवढंच विचारलं, "आणि परीक्षेत गॅलरी देणार आहेत का?" ईशा हसली. कित्येक आठवड्यांनी हसली पोर. आता ती टेबलाशी बसून वाचते आणि वेळेवर झोपते.

गेल्या पंधरवड्यात चिखलीत शोकसभा झाली. पुढच्या रांगेत आम्ही त्यांचे जुने विद्यार्थी, काठ्या, कवळ्या आणि श्रवणयंत्रांसकट. भाषणं झाली. मग माईकवरून सांगितलं की दोन मिनिटं स्तब्ध राहू या, ज्येष्ठांनी बसूनच राहावं. सगळ्यांनी डोळे मिटले. माझे मिटेनात, भरून आले होते, म्हणून मी मान खाली घातली. शेजारी बबनच्या चपलेत त्याचा अंगठा हलत होता. पुढे, मागे. त्याच्या पलीकडे आणखी एक, त्याच्या पलीकडे आणखी एक... माझा कधी हलायला लागला ते मला कळलं नाही. स्तब्ध कुणीच नव्हतं. सगळे आठवत होते.